सीएसआरचे दोन टक्के: नाशिकच्या पोरापोरींपर्यंत पोचतात कसे आणि अडकतात कुठं

पेपरात तो फोटो अधूनमधून असतोच. मागे फ्लेक्स, पुढे दहा-बारा बायका ओळीनं उभ्या, प्रत्येकीसमोर नवं शिलाई मशीन, मधोमध कंपनीचे साहेब आणि खाली ओळ, ‘सीएसआर निधीतून महिलांना रोजगाराची संधी’. फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडला की लगेच प्रश्न सुरू होतात. हे पैसे सरकारचे का कंपनीचे, आपल्या पोराला आयटीआय करून दोन वर्षं झाली त्याला यातून काही मिळेल का, आणि कुणी एखादा म्हणतोच की हा सगळा टॅक्स वाचवायचा धंदा आहे. यातलं बरंचसं अर्धवट माहितीवर चाललेलं असतं, म्हणून म्हटलं जरा मुळापासून लिहावं.

सीएसआर म्हणजे नेमकं काय

सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी) म्हणजे कंपनीनं नफ्यातला ठरावीक वाटा समाजाच्या कामासाठी खर्च करणं. आधी हे कंपनीच्या मर्जीवर होतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं आणि मोठ्या कंपन्यांना हे बंधन आलं. मोठी कुठली, तर आदल्या आर्थिक वर्षात जिची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. तिन्हीपैकी एक बसलं तरी पुरे.

अशा कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के खर्च करायचे. सरासरी का, तर आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेसारखंच आहे बघा, एका साली गारपीट, एका साली भाव चांगला, एका साली कसंतरी निभावलं, मग एकाच सालाकडे बघून बागायतदाराची ऐपत ठरवली तर चुकणारच ना. समजा एका कंपनीला तीन वर्षांत ४, ६ आणि ८ कोटी नफा झाला. सरासरी ६ कोटी. त्याचे दोन टक्के म्हणजे १२ लाख. (हा नफा टॅक्स जाण्याआधीचा धरतात.) हे १२ लाख लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

सुरुवातीची काही वर्षं कंपनीनं खर्च केला नाही तर अहवालात फक्त कारण लिहिलं की भागायचं. जानेवारी २०२१ पासून तसं चालत नाही. प्रकल्प पुढच्या वर्षांत चालू राहणार असेल तर उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत संपवायचा, तसा नसेल तर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरायचा, म्हणजे पंतप्रधान मदत निधी, स्वच्छ भारत कोष वगैरे. नाही भरला तर दंड.

टॅक्स वाचतो म्हणून करतात, हे खरं का

फारसं नाही. सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवून नफा कमी करता येत नाही, हे आयकर कायद्यात स्पष्ट आहे. देणगीच्या ८०जी सवलतीवरून कंपन्या आणि आयकर खात्यात वाद चालतात तेवढं सोडा. मग हा टॅक्सच झाला की, असं कुणी म्हणेल. फरक एवढाच की टॅक्स सरकारच्या तिजोरीत जातो आणि कुठं खर्चायचा ते सरकार ठरवतं, इथं पैसा कंपनीकडेच राहतो आणि कुठल्या कामाला द्यायचा ते कंपनीचे डायरेक्टर ठरवतात. म्हणजे कुठलाही तरुण, कुठलीही बाई हे पैसे हक्क म्हणून मागू शकत नाही. सरकारी योजनेत पात्र असाल तर अर्ज करता, भांडता, माहिती अधिकार टाकता. खाजगी कंपनीच्या सीएसआरमध्ये तसं काही नसतं, तिनं कळवण ऐवजी चंद्रपूर निवडलं तर आपण काही करू शकत नाही.

नाशिकमध्ये कारखाना आहे, मग पैसा नाशिकला का नाही

हा प्रश्न नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर कायम ऐकू येतो. कायद्यात आहे की कंपनीनं आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. पण केंद्राच्या कंपनी मंत्रालयाचं म्हणणं असं की हे मार्गदर्शन आहे, सक्ती नाही. शिवाय हिशोब अख्ख्या कंपनीचा होतो, एका कारखान्याचा नाही. बॉशचा प्लांट सातपूरला पण मुख्य ऑफिस बंगळुरूला, महिंद्रा आणि सिएटचं मुंबईला, ओझरच्या एचएएलचं पुन्हा बंगळुरूला. कुठल्या गावाला काय द्यायचं हे शेवटी तिकडच्या बोर्डात ठरतं. इथल्या प्लांटचा एचआर फार तर प्रस्ताव पुढे पाठवतो.

आणि दुसरी गोष्ट जिच्यावर फार कुणी बोलत नाही. अंबड, सातपूर, सिन्नरच्या गाळ्यागाळ्यातून ज्या व्हेंडर कंपन्या आहेत, म्हणजे मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, वीस-तीस माणसांच्या, त्यातल्या बहुतेक या कायद्यात बसतच नाहीत. त्यांचा नफा ५ कोटीच्या खूप खाली. पण नवशिक्या पोराला पहिलं काम तिथंच लागतं, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) हेल्पर म्हणून नाहीतर प्रेसवर. म्हणजे पैसा मोठ्या कंपनीकडे आणि पहिली नोकरी छोट्या गाळ्यात. सीएसआरचं ट्रेनिंग मोठ्या कंपनीच्या मशीनवर, मोठ्या कंपनीच्या पद्धतीनं होतं, पोरगं स्वप्न घेऊन बाहेर पडतं आणि जॉइन होतं ते तिसऱ्याच ठिकाणी, ठेकेदाराकडून. इथंच पहिला भ्रमनिरास.

कुठला खर्च बसतो, कुठला नाही

कायद्याला जोडलेली एक यादी आहे, अनुसूची सात. त्यात शिक्षण आहे, रोजगार मिळेल असं कौशल्य प्रशिक्षण आहे (मुलं, महिला, वृद्ध, दिव्यांग यांचा खास उल्लेख आहे), उपजीविका वाढवणारे प्रकल्प आहेत, स्त्री-पुरुष समानता आणि महिलांसाठी वसतिगृहं पण आहेत.

न बसणारं जास्त महत्त्वाचं आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च नाही चालत. राजकीय पक्षाला दिलेला पैसा नाही. ब्रँडच्या जाहिरातीसाठी केलेली स्पॉन्सरशिप नाही. आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेलं काम नाही. दुसऱ्या कायद्यानं आधीच बंधनकारक असलेली गोष्ट पण नाही. उदाहरणार्थ ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय कायद्यानंच द्यावी लागते. ती देऊन कुणी म्हणत असेल की बघा आम्ही महिला कामगारांसाठी सीएसआर केला, तर नाही, ते तुमचं कर्तव्यच होतं. तसंच बायकांचं टॉयलेट, लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती, वेळेवर पगार, किमान वेतन. हे सगळं हक्काचं, देणगी नाही. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याही कंपनीच्या महिला सक्षमीकरणाच्या बातमीआधी तिच्या गेटच्या आत ठेक्यावरच्या बायकांना काय मिळतं ते बघावं, फोटो नंतर.

आणखी एक गंमत. कंपनीच्या इंजिनीअरनं शनिवारी आश्रमशाळेत जाऊन पोरांना शिकवलं तर चांगलंच आहे, पण त्याच्या तासांचे पैसे लावून ते दोन टक्क्यांत धरता येत नाहीत. जुने कॉम्प्युटर दिले तर त्यांची किंमत लावून पण नाही.

ट्रेनिंग होतं, मग नोकरी का टिकत नाही

आता ते १२ लाख काढा. समजा एका संस्थेनं सांगितलं, एका मुलामागे २० हजार खर्च, दोन महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. १२ लाखांत ६० मुलं. अहवालात आकडा झकास दिसतो. दुसरी संस्था म्हणते एका मुलामागे ४० हजार लागतील, कारण आम्ही राहायची सोय करणार, पहिले दोन महिने बसचा खर्च देणार आणि नोकरी लागल्यावर सहा महिने आमचा माणूस पाठपुरावा करणार. मग ३० च मुलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये कुठला प्रस्ताव पास होईल? बहुतेक वेळा ६० वाला. आणि मला वाटतं सगळी गडबड इथंच आहे, कारण पोरगं किंवा पोरगी वर्गात गळत नाही, गळते ती नोकरीच्या पहिल्या दीड महिन्यात.

पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची एक मुलगी समजा. बारावी झालेली, कोर्स केला, अंबडला असेंब्लीच्या कामावर लागली. पेठ ते नाशिक पन्नासेक किलोमीटर, रोज येणं-जाणं शक्य नाही, म्हणजे खोली बघा, दोघीतिघींत घेतली तरी डिपॉझिट मागतात. मेस. सिटीलिंक या शहर बसचं तिकीट. आणि पगार? १ तारखेला जॉइन झाली तर तो महिना भरायचा आणि हातात पैसे पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेच्या आसपास. म्हणजे सदतीस-चाळीस दिवस घरून पैसे आणून नोकरी करायची, आणि घरी पैसे असते तर ती आली कशाला असती. त्यात सेकंड शिफ्ट लागली, सुटायला रात्रीचे अकरा-साडेअकरा, बस नाही, रिक्षावाला एकट्या पोरीला सांगेल तेवढे घेणार. घरच्यांना कळलं की फोन येतो, ये परत. ती परत जाते आणि तिकडे अहवालात मात्र ‘प्लेसमेंट झाली’ म्हणून तिच्या नावापुढे टिक असते.

हे चाळीस दिवस भरून काढायला काय लागतं? वसतिगृहातला एक बेड, बसचा पास, आणि सुपरवायझरनं झापलं म्हणून रडत बसलेल्या पोरीला फोन करून ‘उद्या जा, मी येते सोबत’ म्हणणारी एखादी ताई. हे सगळं सीएसआरमध्ये बसतं. कंपनीला स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, पण प्रकल्पात काम करणाऱ्या शिक्षकाचा किंवा त्या ताईचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो ‘किती जणांना शिकवलं’ हा एकच आकडा विचारायची सवय.

मुलांचं दुखणं थोडं वेगळं. त्यांना राहायला कुठंही चालतं, पण ते भाताच्या लावणीला गावी गेले की आठ-दहा दिवस येत नाहीत, आल्यावर गेटवर कळतं जागा भरली. ठेकेदाराकडे रजा नावाचा प्रकारच नसतो.

मार्चएंडचं काय लफडं आहे

हे फक्त नाशिकलाच लागू होईल असं आहे म्हणून मुद्दाम लिहितो. आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत कंपन्यांकडे न खर्चलेला पैसा दिसायला लागतो आणि धडाधड महिलांसाठी बॅचेस सुरू होतात. आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच द्राक्षाचा हंगाम भरात असतो. तोडणी, पॅकिंग, एक्सपोर्टच्या पॅकहाऊसमध्ये बायका सकाळपासून उभ्या. वर्षातली रोकड कमवायचे हेच दिवस, त्या सोडून शिलाईच्या क्लासला कोण बसेल? मग क्लासला बसतात त्या ज्यांना कामाची तेवढी निकड नसते, गाव जवळ असतं, घरात कमावतं कुणीतरी असतं. यादी भरते, फोटो निघतो. सुरगाणा-पेठ-हरसूलकडची कुटुंबं तर ऑक्टोबरच्या छाटणीपासूनच दिंडोरी-निफाडच्या बागांवर आलेली असतात, पाड्यावर म्हाताऱ्या नि लेकरं. तिथं जाऊन जानेवारीत मेळावा घेतला तर येणार कोण.

बॅच घ्यायची तर हंगाम बघून घ्या, किंवा बागेजवळ संध्याकाळी घ्या, एवढं साधं आहे. पण त्यासाठी प्रकल्पाचं प्लॅनिंग एप्रिलमध्येच व्हायला लागतं.

शिलाई मशीनबद्दल पण एक वाक्य, मशीन वाईट नाही हो, पण एकाच गावात चाळीस मशीन वाटल्या तर ब्लाउज शिवून घ्यायला बायका आणायच्या कुठून. त्याऐवजी युनिफॉर्मची एखादी ऑर्डर बांधून दिली असती तर बरं.

अप्रेंटिस आणि इंटर्नशिप हे पण सीएसआरच का

नाही, इथं लोक फार गोंधळतात. अप्रेंटिस भरणं हे १९६१ च्या वेगळ्या कायद्याखाली येतं, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. आयटीआयवाल्या पोरांनी आधी हीच वाट बघावी, कारण तिथं स्टायपेंड कायद्यानं ठरलेला असतो आणि शेवटी परीक्षा देऊन देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना मात्र सीएसआरशी जोडलेली आहे. ऑक्टोबर २०२४ ला ती सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्या मुलांसाठी, देशात सीएसआरवर सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या ५०० कंपन्यांत बारा महिने, महिन्याला ५००० रुपये अशी रचना होती. त्यात ४५०० सरकारचे आणि ५०० कंपनीच्या सीएसआरमधले. इंटर्नशिप संपल्यावर नोकरी मिळेलच असं त्यात कुठंही नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मालक आपल्याच ट्रस्टला पैसे देतो, मग काय उपयोग

कंपनीनं स्वतःच्या फाउंडेशनमार्फत काम करणं कायद्याला मान्य आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण २०२१ पासून अशा प्रत्येक संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ट्रस्ट स्वतःचा असो का बाहेरचा, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या लागतात, आणि बाहेरच्या संस्थेला तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभव पण लागतो.

संशय घ्यायला जागा आहे ती दुसरीकडे. कामाचा खरा परिणाम झाला का हे बाहेरच्या माणसाकडून तपासून घेण्याची सक्ती फक्त सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांना आहे, ते पण १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठीच. आपल्या १२ लाखवाल्या कंपनीला ते नाहीच. ५० लाखांच्या आत रक्कम असेल तर वेगळी सीएसआर समिती पण नेमावी लागत नाही, डायरेक्टरच बघतात. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचे जे छोटे छोटे प्रकल्प असतात त्यांचं पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही. कायद्याला तेवढं जमत नसेल तर निदान गावातल्या सरपंचानं, आयटीआयच्या प्राचार्यांनी, निमा-आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांनी विचारावं की मागच्या बॅचच्या पोरी आज कुठं आहेत.

आमच्या बचत गटाला थेट पैसे मिळतील का

थेट प्रकल्पाचा पैसा मिळणं अवघड, कारण वर म्हटल्या त्या नोंदण्या बचत गटाकडे नसतात. मधे एखादी नोंदणीकृत संस्था लागते. पण एक चांगली तरतूद आहे. सीएसआरमधून घेतलेली मशिनरी, शेड अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, ती लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा त्यांच्या सामूहिक संस्थेच्या नावावर करता येते. म्हणून नागलीचे पापड, बिस्किटं करणाऱ्या गटाला कुणी मशीन देत असेल तर फोटोला उभं राहायच्या आधी विचारायचं, ताई, मशीन नावावर कुणाच्या? संस्थेच्या नावावर असेल आणि उद्या संस्थेचं नि कंपनीचं बिनसलं तर टेम्पो येऊन मशीन घेऊन जाईल आणि तुम्ही बघत राहाल.

खरं-खोटं तपासायचं कुठं

कंपनीची वेबसाइट असेल तर तिच्यावर सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प टाकणं बंधनकारक आहे. वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर राज्य आणि जिल्ह्याप्रमाणे पण आकडे बघता येतात, २०२२-२३ ला देशभरात मिळून साधारण ३० हजार कोटी खर्च झाले, आणि महाराष्ट्राचं नाव तिथं वरच असतं. इंग्रजी आहे म्हणून घाबरू नका, कॉलेजातल्या पोराला सोबत बसवा, अर्ध्या तासात कळतं.

आणि कुणी ‘सीएसआरमधून पर्मनंट नोकरी लावतो, रजिस्ट्रेशनचे तीन हजार भरा’ असं म्हणत असेल तर त्याच्याकडे संस्थेचा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि पैसे देणाऱ्या कंपनीचं पत्र मागा. पत्र दाखवलं तरी लगेच विश्वास ठेवू नका, त्या कंपनीच्या गेटवर जाऊन एचआरला विचारा, तोपर्यंत फोन पे करू नका.